संथ तालीम आणि खरी झुंज

हिंगोली हा महाराष्ट्राचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं तो परभणी जिल्ह्याचा भाग होता. संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जाणारें नरसी आणि ज्योतिर्लिंग म्हणून पूज्य असलेलें औंढा नागनाथ हीं दोन्ही क्षेत्रें याच जिल्ह्यांतलीं. त्यामुळें हिंगोलीचें नांव निघालें कीं मराठी मनास टाळमृदंगाचा नाद आठवतो. परंतु एकोणिसाव्या शतकांत या गांवाची ओळख निराळी होती. त्या काळीं हिंगोली म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें येई ती लष्करी छावणी, पहांटेचा बिगूल आणि घोड्यांच्या टापा.

हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत, १८१३ च्या सुमारास, निजामाच्या खर्चानें आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं एक कवाइती फौज उभी करण्यांत आली. तिचा विस्तार होत गेला. १८५३ च्या तहानंतर तिला हैदराबाद काँटिंजंट हें नांव मिळालें आणि तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून देण्यांत आला. बोलारम, औरंगाबाद, जालना, एलिचपूर, मोमिनाबाद आणि हिंगोली हीं या फौजेचीं ठाणीं होत. १९०३ सालीं ती हिंदी सैन्यांत विलीन करण्यांत आली. या भागांत ही फौज नुसती कवाइत करीत बसली नव्हती. १८१९ च्या जानेवारींत मेजर पिटमन याच्या हाताखालीं तिनें नौसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नोव्हा येथील गढीस वेढा घातला आणि हल्ला करून ती घेतली. गढींतले बहुतेक शिबंदीचे लोक त्या वेळीं लढतांना पडले.

या फौजेंत घोडदळ होतें तें मुख्यतः शिलेदारी पद्धतीचें. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येणारा स्वार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करी तो बारगीर. हे दोन्ही शब्द मराठ्यांच्या इतिहासांत प्रत्येकानें वाचलेले आहेत. निजामाच्या कवाइती फौजेंतही ती जुनी दक्षिणी चाल पुष्कळ काळ टिकून राहिली होती, आणि तिच्यामुळेंच एका इंग्रज अधिकाऱ्यास एक प्रश्न पडला. तो प्रश्न अजून जुना झालेला नाहीं.

हा अधिकारी म्हणजे कॅप्टन लुई नोलन. बालाक्लावाच्या रणांगणावर २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं इंग्रजांच्या हलक्या घोडदळानें जी सर्वनाशी दौड केली, तिची आज्ञा घेऊन जाणारा आणि तिच्या आरंभींच मारला जाणारा तोच हा नोलन. त्याच्या आदल्या वर्षीं त्यानें घोडदळाचा इतिहास व डावपेच यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि त्यांत हिंदुस्थानांतल्या आपल्या चाकरीच्या दिवसांतली एक हकीगत दिली होती. निजामाच्या बिनकवाइती स्वारांची रोहिल्यांशीं चकमक झाली. स्वार संख्येनें पुष्कळ कमी असून त्यांनीं रोहिल्यांचा मोड केला. जखमींचा व मृतांचा वैद्यकीय अहवाल नोलननें वाचला तेव्हां तो चकित झाला. कोणाचा हात खांद्यापासून तुटलेला, कोणाचें मस्तक धडावेगळें झालेलें. इंग्रज स्वारांच्या तलवारींनीं असे घाव होत नसत. हे स्वार राक्षस आहेत, कीं त्यांच्या तलवारींचें पोलाद कांहीं निराळें आहे?

त्यानें शोध केला तेव्हां आणखी आश्चर्य वाटावयाची पाळी आली. ती पातीं बहुतांशीं इंग्रज फौजेनेंच टाकून दिलेलीं जुनीं पातीं होतीं! स्वारांनीं त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसविली होती, त्यांची धार वस्तऱ्यासारखी केली होती, आणि तीं लांकडी म्यानांत ठेविलीं होतीं. इंग्रजांचीं म्यानें पोलादी, त्यामुळें तलवार आंतबाहेर होतांनाच तिची धार मरे. अखेर नोलननें एका वृद्ध स्वारास विचारलें कीं, तुम्ही असा हात मारावयास शिकवितां तरी कसें? त्यावर म्हाताऱ्यानें जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा कीं, शिकविण्याचें यांत कांहींच नाहीं, धारदार तलवार कोणाच्याही हातांत कापतेच.

हें उत्तर ऐकून जगांतल्या सर्व तालमी बंद कराव्या असें कोणासही वाटेल. वर्षानुवर्षें एकच हात संथपणें घोटावयाचा, पावित्र्यांत तासन्‌तास उभें राहावयाचें, वस्तादाचे पाय चेपावयाचे, आणि शेवटीं काम होणार तें धारेनेंच! मग या साऱ्या साधनेचा झुंजीशीं संबंध काय? शरीर कमावण्यापलीकडे आणि पाहणाऱ्यांचें मन रमविण्यापलीकडे तिचा कांहीं उपयोग आहे काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू पाहावयाची तर निजामाच्याच मुलखांतून आलेल्या दोन मल्लांची गोष्ट घ्यावी लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं अली आणि गुलाब या नांवांचे दोन पहिलवान हैदराबादेकडून पुण्यास आले आणि त्यांनीं पेशव्यांच्या दरबारांत कुस्तीचें आव्हान दिलें, अशी परंपरागत हकीगत आहे. आव्हान घेण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां बाळंभटदादा देवधर या तरुणानें मुदत मागून तें स्वीकारलें. नाशिकजवळ वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन त्यानें साधना केली, आणि तेथेंच त्याला लांकडी खांबावर कुस्तीचे पेच घोटण्याची युक्ति सुचली. परत आल्यावर त्यानें अलीला चीत केलें, आणि गुलाबनें लढावयाचें नाकारलें. मारुतीनें दृष्टांत दिला हा या कथेंतला भाग श्रद्धेचा झाला. मल्लखांबाच्या विद्येची आजची परंपरा मात्र बाळंभटदादांपासूनच मोजली जाते, याविषयीं दुमत नाहीं.

खांबावरची मेहनत त्यापूर्वीं नव्हतीच असें मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, ११३० च्या सुमारास, मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. दक्षिणेंतल्या या राजानें मल्लविद्येस आपल्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांची मेहनत या सर्वांचें तेथें वर्णन आहे. भार उचलणें, चालणें, पोहणें, दुसऱ्या मल्लाशीं बाहुबळाची मेहनत करणें आणि स्तंभावर श्रम करणें असे त्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत. यांतली एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. स्तंभावरचा श्रम हा या यादींतला एक प्रकार आहे, सगळी यादी नव्हे. खांबाशेजारींच दुसऱ्या मल्लाचे हात आहेत.

बाळंभटदादांच्या खांबाची रचना पाहिली म्हणजे ती किती विचारपूर्वक केलेली आहे हें कळतें. खांबाचे तीन भाग मानतात: अंग, मान आणि बोंड. म्हणजे हा खांब वस्तुतः प्रतिपक्षाचा पुतळाच होय. त्याच्या कमरेस अढी घालावयाची, मानेस हाताचा विळखा द्यावयाचा, बगलेंतून निघावयाचें. वर एरंडेल तेल चोळलेलें असल्यामुळें पकड ढिली पडली कीं माणूस घसरलाच. अढी, दसरंग, बगली, फरारा हे प्रकार आरंभीं अत्यंत सावकाश करावे लागतात. घाईनें उडी मारून केलेली चूक झांकली जाते. संथपणें केलेली चूक मात्र झांकली जात नाहीं. कोणता स्नायु नको तेथें ताठरला, श्वास कोठें अडकला, तोल कोणत्या क्षणीं सुटला, हें सारें संथ गतींत उघडें पडतें. संथ तालमीचें खरें प्रयोजन हेंच आहे. ती वेग शिकवीत नाहीं. वेगाच्या आड लपणारे दोष ती बाहेर ओढून काढते.

परंतु या खांबांत एक उणीव आहे, आणि ती कितीही मेहनतीनें भरून निघत नाहीं. खांब उलट डाव टाकीत नाहीं. तो कपट करीत नाहीं, दमत नाहीं, चिडत नाहीं, आणि आपला डाव ओळखून आधींच सरकत नाहीं. खांबावर दहा वर्षें मेहनत केलेला मनुष्य खांबाशीं लढण्यांत अद्वितीय होईल. माणसाशीं लढण्यांत तो कसा ठरेल हें माणूस समोर आल्यावांचून कळणार नाहीं. बाळंभटदादा खांबावरून उतरून हौद्यांत आले, आणि तेथें त्यांच्यापुढें अली उभा होता, म्हणून त्यांची विद्या सिद्ध झाली.

जुन्या वस्तादांना ही उणीव पुरती ठाऊक होती. म्हणूनच त्यांनीं एकट्याची मेहनत आणि जिवावरची झुंज यांच्यामध्यें एक तिसरी पायरी बांधून ठेविली होती. कुस्तींत जोर-बैठकांनंतर खडाखडी आणि लढत असे. तलवारीच्या शिक्षणांत फरीगदगा होता. एका हातांत चामड्याची फरी, दुसऱ्या हातांत चामड्यानें मढविलेला गदगा, आणि समोर तसाच सज्ज झालेला जोडीदार. मार बसे, पण अंग तुटत नसे. भाल्याच्या शिक्षणांत बोथाटी होती. पात्याच्या जागीं कापडाचा गोळा बसविलेला हा भाला रंगांत बुडवून स्वार एकमेकांवर घोडे घालीत. कोणाच्या अंगावर रंगाचा ठिपका उमटला हें सर्वांस दिसे. त्या ठिपक्यापुढें वाद चालत नसे. माझा पावित्रा शुद्ध होता, माझी परंपरा थोर आहे, असें म्हणून ठिपका पुसतां येत नसे.

हीच तीन पायऱ्यांची रचना समुद्रापलीकडे चीन देशांत स्वतंत्रपणें उभी राहिलेली दिसते. ताय ची ही आज जगभर संथपणासाठीं प्रसिद्ध असलेली विद्या. बागेंत पहांटे वृद्ध स्त्रीपुरुष पाण्यांतून चालल्यासारखे हात फिरवितांना दिसतात, तीच ही. तिचें मूळ हेनान प्रांतांतल्या वेन परगण्यांतील चेन घराण्याच्या खेड्यांत सांपडतें. सतराव्या शतकांत चेन वांगटिंग या लढवय्यापासून त्या घराण्यांत ती चालत आली असें मानतात. तेथें यांग लुचान (१७९९-१८७२) हा बाहेरचा मनुष्य येऊन शिकला, आणि पुढें पेकिंगमध्यें मांचू अधिकाऱ्यांस व रक्षकांस शिकवूं लागला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) यानें त्या विद्येस मोठ्या, सम आणि सावकाश हालचालींचें रूप दिलें. आज सर्वत्र दिसणारा संथपणा मुख्यतः या नातवाच्या पद्धतींतून पसरलेला आहे. मूळ चेन घराण्याच्या पद्धतींत सावकाश हालचालींमध्येंच पाय आपटणें, उसळी घेणें आणि एकाएकीं झटका देणें हे प्रकार आजही टिकून आहेत.

ताय चींतही मधली पायरी आहे. दोघेजण समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मनगटास मनगट लावतात, आणि हात वर्तुळांत फिरवीत दुसऱ्याचा तोल कोठें सुटतो याचा स्पर्शानें शोध घेतात. समोरच्यानें जोर केला तर त्याला विरोध न करतां तो जोर वळवून द्यावयाचा, आणि तो रिकामा पडला कीं ढकलावयाचें. डोळ्यांपेक्षां त्वचेनें प्रतिपक्षास ओळखण्याचें हें शिक्षण आहे. आमच्या कुस्तींतल्या खडाखडीशीं त्याचें जवळचें नातें आहे. ही पायरी जेथें जिवंत राहिली तेथें ताय ची ही लढण्याची विद्या राहिली. जेथें ती गळली तेथें ती आरोग्याची उपासना झाली, आणि आरोग्याची उपासना म्हणून ती उत्तमच आहे.

अडचण उत्पन्न होते ती दोहोंची गल्लत केल्यावर. १७ जानेवारी १९५४ रोजीं मकाव येथें वू गोंगयी या ताय चीच्या आचार्यांचा आणि चान हाकफू या श्वेत क्रौंच पंथाच्या तरुण गुरूचा जाहीर सामना झाला. वू यांनीं पन्नाशी ओलांडली होती. हाँगकाँगमधील आगींत निराधार झालेल्या लोकांसाठीं निधि जमविण्याचा हेतु त्यामागें होता. सहस्रावधि लोक जमले होते. दुसऱ्या फेरींतच पंचांनीं सामना थांबविला, आणि कोणी जिंकला नाहीं, कोणी हरला नाहीं, बरोबरीही नाहीं, असा अपूर्व निकाल दिला. त्या सामन्याचें चित्रण उपलब्ध आहे. त्यांत ना मेघासारखे वाहणारे हात दिसतात, ना क्रौंचाची झेप. दिसतात ते दोन धाडसी पुरुष, घाईघाईनें एकमेकांवर मुठी उगारणारे. दोघांचाही वर्षांचा अभ्यास खोटा नव्हता. पण जेथें मार चुकवावा लागतो आणि रक्त येतें, अशा प्रसंगाशीं त्या अभ्यासाची पुरेशी ओळख झालेली नव्हती. पुढें २०१७ च्या एप्रिलमध्यें चेंगडू येथें शू शियाओडोंग या मिश्र मल्लयुद्धाच्या खेळाडूनें वेई लेई या ताय ची शिक्षकास अर्ध्या मिनिटाच्या आंत खालीं पाडलें, तेव्हां सगळ्या चीनमध्यें खळबळ उडाली. कित्येकांना राग आला तो शूचा. वस्तुतः त्यानें केलें तें बोथाटीच्या रंगाच्या ठिपक्याचेंच काम होतें.

मधल्या पायरीचें महत्त्व किती आहे याचें एक भीषण उदाहरण हिंगोलीच्या इतिहासांतच नमूद आहे. १८३० नंतर स्लीमन आणि त्याचे सहकारी ठगांचा शोध करूं लागले तेव्हां असें उघडकीस आलें कीं, हिंगोलीच्या छावणीच्या बाजारांत सभ्य कापडव्यापारी म्हणून वावरणारा हरिसिंग हा ठगांचा नायक होता. मुंबईकडून येणाऱ्या एका व्यापाऱ्याचा त्यानें वाटेंत घात केला, आणि त्याचा माल स्वतःच्या नांवें घेतलेल्या परवान्यावर छावणींत आणून उघडपणें विकला, अशी ती हकीगत आहे. ज्या ठिकाणीं रोज सकाळीं शेकडों शिपाई कवाइत करीत, तेथेंच हा मनुष्य निर्धास्त दुकान मांडून बसला होता. ठगांविषयींची माहिती बहुतांशीं माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आलेली असल्यामुळें आजचे इतिहासकार ती सावधपणें घेतात. तरी त्या जबान्यांतून जी उमेदवारीची रीत दिसते ती विचार करण्याजोगी आहे. नवशिक्या प्रथम केवळ पाळत ठेवी, मग खड्डे खणी, मग फांस घालणाऱ्यास मदत म्हणून सावजाचे हात धरी. अशीं वर्षें गेल्यावर गुरु त्याच्या हातांत रुमाल देई. या दुष्ट विद्येंत एकांतांतला सराव जवळजवळ नव्हताच. होती ती प्रसंगाशीं पायरीपायरीनें होणारी ओळख. विद्या सज्जनांची असो कीं दुर्जनांची, माणसाशीं गांठ पडण्याची संवय हीच तिची कसोटी ठरते.

आतां त्या म्हाताऱ्या स्वाराच्या उत्तराकडे पुन्हां वळावयास हरकत नाहीं. शिकविण्याचें कांहींच नाहीं, हें त्याचें म्हणणें खरें होतें काय? शिलेदाराच्या घरीं घोडा दारांत बांधलेला असे. मुलगा चालावयास लागे तोंच त्याला खोगिरावर बसवीत. खरारा करणें, वैरण घालणें, घोड्याची लहर ओळखणें, भरधाव दौडींत जमिनींतली मेख भाल्यानें उपटणें, सणासुदीला बोथाटी खेळणें, हें सारें त्याच्या बालपणाचेंच अंग होतें. धार लावण्याचें कसब बापाच्या शेजारीं बसून येई. त्याला कोणी शिक्षण असें नांव दिलें नाहीं, म्हणून त्याला तें शिक्षण वाटलें नाहीं. आपण मातृभाषा शिकलों हें जसें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, तसेंच हें. म्हाताऱ्याची तालीम इतकी मुरलेली होती कीं ती तो विसरला होता. उलट ज्यांची तालीम प्रसंगापर्यंत कधीं पोंचलीच नाहीं, त्यांना ती एकेक पावित्र्यासह तोंडपाठ असते. पूर्ण झालेल्या साधनेची खूण विस्मरण ही आहे. स्मरणाचें प्रदर्शन ही अपुऱ्या साधनेची खूण आहे.

तथापि व्यक्तीचें कसब म्हणजे युद्धाचें कसब नव्हे, हेंही विसरतां कामा नये. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, बाळंभटदादांची विद्याही तिकडे गेली, आणि नानासाहेब, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांनीं तेथें मल्लखांबाचा अभ्यास केला, अशी परंपरा सांगतात. १८५८ सालीं झांशीस वेढा पडला तेव्हां सर ह्यू रोज याच्या सैन्यांत हैदराबाद काँटिंजंटच्या तुकड्या होत्या. १ एप्रिल रोजीं बेतवा नदीच्या कांठीं तात्या टोपे सुमारें वीस हजार फौज घेऊन चालून आले. रोजनें त्यांच्यासमोर उभे केलेले लोक दीड हजारांहून अधिक नव्हते. तरी तात्यांचा मोड झाला. दक्षिणेंतल्या छावण्यांतून आलेले स्वार एका बाजूस, आणि ब्रह्मावर्ताच्या आखाड्यांत वाढलेला सेनानी दुसऱ्या बाजूस! येथें निकाल केला तो तोफांच्या जागेनें, घोडदळाच्या एकवट चढाईनें आणि एका हुकुमानें हलणाऱ्या शिस्तीनें. एकेकट्याच्या शौर्यांत ब्रह्मावर्त उणें नव्हतें. पुढें जूनमध्यें राणी रणांगणावर पडली ती लढतांनाच.

१८५७ नंतर हत्यारबंदीचा कायदा आला, आणि मर्दानी विद्येच्या पायांखालची जमीनच सरकली. झुंजीचा प्रसंग नाहींसा झाल्यावर तालीम उरली, ती व्यायाम म्हणून. या काळांत ती जिवंत ठेवणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. बडोद्यास जुम्मादादा व त्यांचे शिष्य प्राध्यापक माणिकराव यांनीं व्यायाममंदिर चालविलें. माणिकरावांनीं जुन्या हातांना देशी हुकुमांवर चालणाऱ्या सांघिक व्यायामाचें रूप दिलें. त्यांच्याच हाताखालीं शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढें स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं हिंदी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पारतंत्र्यांतल्या समाजाला आपल्या अंगांत बळ आहे ही जाणीव या कार्यानें करून दिली.

परंतु प्रात्यक्षिकाचा एक गुणधर्म असा आहे कीं त्यांत जोडीदार आधींच ठरलेला असतो, आणि तो ठरल्याप्रमाणेंच पडतो. लाठीचे शंभर हात बिनचूक करणारा मुलगा, अचानक एका खऱ्या लाठीपुढें उभा राहिला तर पहिला हात कोणता करील, हें प्रात्यक्षिकांत कळत नाहीं. कुस्तीनें मात्र आपली कसोटी सोडली नाहीं, कारण कुस्ती ही लढल्यावांचून होतच नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हां मातींत घडलेल्या या मल्लास गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. ते सहावे आले. त्यांनीं मातीला दोष दिला नाहीं आणि गादीलाही दिला नाहीं. त्यांनीं चार वर्षें त्या नव्या प्रसंगासाठीं मेहनत केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातींतल्या संथ मेहनतीवांचून तें मिळालें नसतें, आणि लंडनच्या पराभवावांचूनही मिळालें नसतें.

आज परिस्थिति आणखी बदलली आहे. २०२० सालीं युनेस्कोनें ताय चीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. मल्लखांब हा गुण देऊन तोलला जाणारा स्पर्धेचा खेळ झाला आहे, आणि त्यांत मुलींनींही नांव मिळविलें आहे. दोरीवर किंवा खांबावर लीलेनें फिरणाऱ्या त्या मुलामुलींना कोणाशीं कुस्ती करावयाची नसते, आणि तशी अपेक्षाही कोणी करूं नये. विद्येचें प्रयोजन बदलणें हा विद्येचा अधःपात नव्हे. शरीर निकोप व्हावें, मन स्थिर व्हावें, सौंदर्य प्रकट व्हावें, हीं प्रयोजनें झुंजीहून हलकीं मुळींच नाहींत.

अधःपात होतो तो दुसऱ्याच ठिकाणीं. एका प्रयोजनाची मेहनत करून घ्यावयाची आणि दुसऱ्या प्रयोजनाचें आश्वासन द्यावयाचें, हा तो. गल्लोगल्लीं चालणाऱ्या स्वसंरक्षणाच्या वर्गांत आईबाप मुलीस विश्वासानें पाठवितात. तेथें तिला ठरलेल्या जोडीदारावर ठरलेले दहा हात शिकविले आणि आतां तूं निर्भय झालीस असें सांगितलें, तर तिच्या मनांतली स्वाभाविक सावधगिरी मात्र काढून घेतली जाते, आणि तिच्या जागीं कांहींच दिलें जात नाहीं. एखाद्या अंधाऱ्या वाटेवर तिला त्याची किंमत द्यावी लागेल. शिकविणाऱ्याचें पहिलें कर्तव्य म्हणजे आपण तीन पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर उभे आहों हें शिष्यास स्पष्ट सांगणें. मग ती विद्या चिनी असो कीं दक्षिणी.

हिंगोलीची फौज जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला. त्या म्हाताऱ्या स्वाराच्या उत्तरांत मात्र अजून धार आहे. ती पातीं इंग्रजांचींच होतीं. फरक होता तो तीं रोज कशीं राखलीं जात यांत. पोलादी म्यानांत खणखणणारी तलवार दिमाखदार दिसे आणि प्रसंगीं बोथट ठरे. लांकडी म्यानांतली तलवार साधी दिसे आणि प्रसंगीं कापी. संथ तालीम हें असें लांकडी म्यान आहे. धार जपणें हें तिचें काम, धार लावणें हें तिचें काम नव्हे. धार लागते ती सहाणेवरच. तालमींतल्या माणसाची सहाण म्हणजे समोर उभा असलेला, आपलें न ऐकणारा दुसरा माणूस होय.